आपटून निवडलेला स्कॅनर

मित्रांनो, वस्तूवरच्या काळ्या-पांढऱ्या रेघांवर लाल उजेड टाकून 'टीं' करतो ना, तो मी. लोक मला बारकोड स्कॅनर म्हणतात. आता मी जुना झालो आहे. माझा पिवळा रंग उडाला आहे, काळे रबर चिरले आहे आणि बॅटरीचे झाकण चिकटपट्टीच्या जिवावर टिकून आहे. तरी मी अजून कामावर आहे. माझी गोष्ट थोडी रक्ताची आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डोळा बसवला, पोटात बॅटरी घातली, अंगावर जाड रबर चढवले, आणि मग लाड संपले. मला आणि माझ्या भावंडांना एका लोखंडी पिंपात टाकून गरगर फिरवले. आम्ही पिंपाच्या भिंतींवर आपटत होतो, एकमेकांवर आदळत होतो. जे फुटले ते टोपलीत गेले, जे वाचले ते खोक्यात. जन्मतःच मार खाऊन पास झालेला मी असा खोक्यात बंद झालो आणि बरेच दिवस अंधारात राहिलो.

खोके उघडले ते एका गोदामात. तिथे फरशा, नळ, पाइप आणि बेसिन यांचा घाऊक धंदा होता. छताला भिडलेले लोखंडी रॅक, सगळीकडे फरशीची पांढरी भुकटी, आणि काहीतरी फुटल्याचा आवाज तर रोजचाच. धंदा दोघा भावंडांचा होता. माल चढवण्या-उतरवण्याचे काम थोरला भाऊ बघायचा. त्याला सगळे दादा म्हणत. खरेदी आणि कॉम्प्युटर धाकट्या बहिणीकडे होता. ती सगळ्यांची ताई. हा धंदा ज्यांनी उभा केला ते आबा, त्यांचे वडील, आता घरीच असायचे.

माझ्याआधी तिथे वायरचा स्कॅनर होता, असे मी पुढे ऐकले. त्याची लांबलचक वायर वाटेत लोळत असायची. एकदा तिच्यात पाय अडकून एक हमाल बेसिनसकट पडला. बेसिन फुटले आणि त्याची धार हमालाच्या तळहातात शिरली. दादा धावत आला. लोकांना वाटले, त्याला उचलायला आला. पण दादाने वायर स्वतःच्या मुठीला गुंडाळली, तिच्या टोकाला लोंबणारा स्कॅनर भिंतीवर आपटून चुरा केला आणि रक्ताळलेल्या हमालाच्या कानफटात ठेवून दिली. बेसिन फोडले म्हणून.

त्याच आठवड्यात ताईने ठरवले, आता बिनवायरचा स्कॅनर घ्यायचा.

विक्रेत्याने तीन स्कॅनर टेबलावर मांडले. पहिला पांढरा, सडपातळ, नटव्या. दुसरा करडा, शांत चेहऱ्याचा. तिसरा मी, पिवळा-काळा, दुधीभोपळ्यासारखा बेढब. दादाने मला हातात तोलले आणि हसून विचारले, हा स्कॅनर आहे की मुसळ? पांढरा घे, त्याने ताईला सांगितले, टेबलावर बरा दिसेल.

ताई आम्हा तिघांना घेऊन गोदामात गेली. ओल लागून फाटलेली लेबले, भुकटीने माखलेली लेबले, प्लॅस्टिकच्या आत चुरगळलेली लेबले तिने आम्हाला वाचायला लावली. जाड हातमोजे घालून आमचे खटके दाबून पाहिले. मग ती बेसिनच्या रॅकमागे गेली. तिथे इतके लोखंड होते की करड्याचा कॉम्प्युटरशी संबंधच तुटला, आणि त्याने वाचलेले सगळे वाऱ्यावर गेले. माझाही संबंध तुटला, पण मी वाचलेले पोटात धरून ठेवले आणि टेबलावरच्या माझ्या चार्जिंगच्या पाळण्याजवळ परत येताच सगळे सांगून टाकले. बॅटरी संपली तर दुसरी घालता येते का, हेही तिने झाकण उघडून पाहिले.

शेवटी ताई शिडीवर चढली आणि तिने आम्हाला एकेक करून काँक्रीटवर सोडून दिले.

पांढऱ्याची पाठ फुटली. करड्याचा डोळा निखळून घरंगळत गेला. मी आपटलो, उसळलो, रॅकच्या पायाला धडकलो आणि थांबलो. ताईने खटका दाबला. मी 'टीं' केले. तिने मला पुन्हा टाकले. पुन्हा. शेवटी विक्रेत्याने हात जोडले आणि जरा हळू घ्या म्हणाला.

"इथे हळू कोण वागणार आहे?" ताई म्हणाली, आणि तिने मला निवडले.

त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. आपण मजबूत आहोत म्हणून आपली निवड झाली, यापेक्षा मोठे कौतुक कोणते?

मला ज्याच्या हाती दिले त्याचे नाव पैलवान. नाव चेष्टेने पडलेले. माणूस इतका काटकुळा की जोरात फुंकर मारली तर दोन रॅक पलीकडे जाऊन पडेल. पण कोणत्या कप्प्यात काय आहे, हे त्याला पाठ होते. रोज सकाळी तो सदऱ्याच्या टोकाने माझा डोळा पुसायचा. हातमोजा घसरू नये म्हणून त्याने माझ्या दांडीला सुती पट्टी गुंडाळली होती. त्याला लग्नाची मुलगी होती, घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि नोकरी टिकवायची म्हणून जिभेला कुलूप होते. आम्ही दोघे दिवसभर टीं टीं करत हिंडायचो. माल चुकेनासा झाला. ताई म्हणायची, हा स्कॅनर आल्यापासून माझी निम्मी डोकेदुखी गेली.

पण माझ्या मजबुतीचा गवगवा झाला आणि तिथेच घात झाला. सुरुवात दादानेच केली. एखादा ट्रक उशिरा आला की तो मला उचलून भिंतीवर भिरकवायचा. नवीन माणूस दचकला की म्हणायचा, घाबरू नको, याला काही होत नाही, आपटूनच घेतलाय. हळूहळू सगळेच तसे वागू लागले. माल उचलणारी गाडी चालवणारा फोर्कलिफ्टवाला मला लांबून फेकायचा. पॅकिंगवाले माझ्याने खिळे ठोकायचे. एकदा दोघा हमालांचे भांडण जुंपले, तेव्हा एकाने मला दुसऱ्याच्या पाठीत हाणले आणि बाकीचे हसले. मी मुकाट्याने सोसले. पैलवान मला उचलून पुसायचा. दुसरे तो तरी काय करणार?

मार फक्त मलाच बसत होता असे नाही. दादाचा हात चालायचाच. ज्याच्या हातून फरशी फुटली त्याच्या पोटात कोपर. जो पाणी प्यायला थांबला त्याच्या पाठीत लाथ. पॅकिंगवाल्यांचा रेडिओ त्याने भर दुपारी पाइपने फोडला, कारण गाणे चालू असताना त्याची हाक कोणाला ऐकू गेली नव्हती. एकदा ताई मध्ये पडली. दादाने तिला अशी ढकलली की तिचे मनगट रॅकच्या कोपऱ्यावर आदळले आणि पावासारखे फुगले. मी तेव्हा शेजारच्या खोक्यावर होतो. दादा स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेला. वाटेत त्याने तिची माफीही मागितली असावी, कारण परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. घरी मात्र खोके पडून हात दुखावल्याचे सांगण्यात आले. ताईही तसेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने टाइप करत होती.

मग तो दिवस आला.

फरशांचा मोठा ट्रक आला होता आणि जागा कमी होती. दादाने सांगितले, थर आणखी चढवा. पैलवानाने मान वर करून ढिगाकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाला, दादा, आणखी नको, खालची खोकी दबली आहेत. दादाने ऐकले नाही. थर चढला. थोड्या वेळाने खालच्या खोक्याने दम सोडला, ढीग वाकला आणि आख्खा ढासळला. कानठळ्या बसल्या. धूळ बसली तेव्हा दिसले की फोर्कलिफ्टवाल्याचा पाय घोट्यापर्यंत फरशांच्या तुकड्यांखाली आहे आणि तो गुरासारखा ओरडतो आहे.

त्याला बाहेर काढले. बुटाच्या आतून रक्त ओघळत होते. ताई गाडी बोलवायला धावली. आणि दादा सगळ्यांसमोर पैलवानावर ओरडू लागला की ढीग याने नीट रचला नाही, हाच जबाबदार.

मित्रांनो, पैलवान आजवर कधी उलटून बोलला नव्हता. त्या दिवशी त्याने समोरचा विव्हळणारा माणूस पाहिला, आणि त्याच्या जिभेचे कुलूप गळून पडले.

"मी नको म्हटलं होतं, दादा. सगळ्यांनी ऐकलंय."

दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याने पैलवानाच्या हातातून मला हिसकावले, दांडी मुठीत घट्ट धरली आणि माझे तोंड पैलवानाच्या तोंडावर घातले.

पहिला घाव गालफडावर बसला. दुसरा कपाळावर. तिसरा डोळ्यावर. ज्या डोळ्याने तो रोज मला निरखून पुसायचा, त्याच डोळ्यावर. दादाची मूठ आवळली की माझा खटका दाबला जायचा, आणि प्रत्येक घावाला मी 'टीं' करत होतो. मागच्या खोक्यांची लेबले वाचत होतो. मला थांबता येत नव्हते. पैलवान खाली पडला तरी दादा थांबला नाही. तो त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. माझ्या रबराच्या खाचांत रक्त भरले. माझ्या डोळ्यासमोर सगळे लाल झाले आणि मग लेबलेही दिसेनाशी झाली.

मी कुठे तडा जाऊन फुटलो असतो तर बरे झाले असते. पण मी फुटलो नाही.

सुरुवातीला हमाल थिजून उभे होते. मग बेसिनने हात कापलेला तो हमाल पुढे आला. त्याने दादाला केसांनी धरून मागे ओढले आणि गोदाम उसळले. इतक्या वर्षांचे कोपर, लाथा, थपडा सगळे एकदम बाहेर पडले. कोणी पाइप घेतला, कोणी फळी. दादाच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आधी शिव्या देत होता, मग गयावया करू लागला, मग नुसताच कण्हत राहिला. तरी घाव पडत होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर दादा तिथेच संपला असता.

ताई परत आली. तिने आधी पैलवानाकडे पाहिले. गुडघ्यांवर बसून स्वतःची ओढणी त्याच्या डोळ्यावर दाबली आणि पॅकिंगवाल्याला ती तशीच धरून ठेवायला सांगितले. मग ती उठली आणि भावाच्या अंगावर पालथी पडली. खाली येत असलेला एक पाइप तिच्या खांद्यावर बसला.

सगळे थांबले.

ताई तशीच पडून बोलली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मी याला याच्यासाठी वाचवत नाहीये. तुम्ही याला मारलंत तर तुम्ही सगळे आत जाल आणि हा बिचारा ठरेल. याला जिवंत राहू द्या. याने काय केलं ते मी सांगणार आहे."

ज्याच्या हातात पाइप होता त्याने तो खाली टाकला आणि तो रडू लागला.

पोलिसांनी मला उचलले, कापडी पिशवीत घातले आणि पिशवीच्या तोंडाला लाख लावली. तिथून पुढची माझी वर्षे पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत गेली. तिथे धूळ होती, घुशी होत्या, आणि माझ्यासारख्याच पिशव्या होत्या. शेजारी एक लाटणे होते. पलीकडे इस्त्री, मुलाची बॅट, चपलेचा साचा, दाराची कडी. त्यांतली एकही वस्तू मारण्यासाठी घडवलेली नव्हती. चाकू तेवढे थोडे होते, आणि तेही बहुतेक भाजीचे. माझी बॅटरी फुगली. खटका गंजला. मला कोणी पुसले नाही.

मग एक दिवस मला कोर्टात नेले. तिथे मी पैलवानाला पाहिले. त्याचा डावा डोळा गेला होता. पापणी शिवून बंद केली होती. मला ओळखायला सांगितल्यावर त्याने उरलेल्या डोळ्याने एकदाच पाहिले, हो म्हणाला आणि तोंड फिरवले.

दादाच्या वकिलाने मला तळहातावर झेलून दाखवले. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या वस्तूने कोणाचा डोळा कसा जाईल? डोळा ढीग ढासळल्यानेच गेला, असे त्याचे म्हणणे होते. मग ताई उभी राहिली. वकिलाने तिला बरेच डिवचले. भावाच्या वाट्यावर डोळा आहे का, असेही विचारले. त्याच उलटतपासणीत तिने सांगितले की आबांनी तिच्या पायावर डोके ठेवले होते. घरातले घरात राहू दे, फरशाच अंगावर पडल्या म्हण, अशी विनवणी केली होती. तेव्हापासून आबा तिच्याशी बोलत नव्हते. बाप म्हणून ते माझे सर्वस्व आहेत, ती म्हणाली, पण या एका बाबतीत मी त्यांचे ऐकणार नाही. मग तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"हा मी निवडला. शिडीवरून काँक्रीटवर पुन्हा पुन्हा टाकला आणि याला ओरखडाही आला नाही, म्हणून निवडला. माणसाचं हाड काँक्रीटपेक्षा मऊ असतं, वकीलसाहेब. आणि फरशा पडल्या त्यानंतर पैलवान स्वतःच्या पायांवर उभा होता. तो बोलला. म्हणूनच त्याला मार पडला."

दादा मान खाली घालून बसला होता. बहिणीकडे त्याने वर पाहिले नाही. त्याला शिक्षा झाली. ज्या हमालांनी त्याला मारले होते त्यांच्यावरही खटला झाला, पण त्यांना थोड्या शिक्षेवर सोडले.

सगळे निवाडे आटोपल्यावर मला मालकाच्या ताब्यात दिले. मालक म्हणजे आता ताईच. मधल्या काळात आबा गेले होते. जाण्याआधी ते ताईशी बोलले की नाही, हे मला कोणी सांगितले नाही आणि ताईच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आले नाही.

गोदाम बदलले होते. फरशांचे ढीग छातीच्या वर जात नव्हते. पैलवान आता गोदामाचा प्रमुख होता. ताईने मला त्याच्यासमोर ठेवले आणि विचारले, फेकून देऊ का? चालत असेल तर चालू द्या, तो म्हणाला, पण मी हातात घेणार नाही. ताईने नवीन बॅटरी घातली, गंज खरवडला आणि मला दाराजवळच्या टेबलावर ठेवले. परत आलेला माल तिथे तीच तपासते, म्हणून माझी दांडी तिच्याच हातात असते. पैलवानाने मला आजतागायत स्पर्श केलेला नाही. मी वाट पाहत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही केला नसता.

दाराजवळ असल्यामुळेच मला पुढचे पाहता आले. शिक्षा संपवून दादा आला. मोडलेल्या बरगड्या वाकड्या जुळल्या होत्या, त्यामुळे तो एका बाजूला कलून चालत होता. केस पिकले होते. तो उंबऱ्याबाहेर थांबला. ताईने त्याला पाहिले आणि ओढणीने डोळे टिपले. धाकटी बहीण ती, तिला रडू येणारच. तिने त्याला पाणी दिले. दादा पाणी प्यायला आणि त्याने काम मागितले. कसलेही चालेल, झाडू मारीन, म्हणाला.

ताईने सांगितले, आतले मी ठरवत नाही. पैलवानाला विचार.

पैलवान आला. दोघे समोरासमोर उभे राहिले. गोदामातले सगळे हात थांबले. दादाने त्याच्या शिवलेल्या पापणीकडे पाहायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमले नाही. त्याने हात जोडले. चुकलो, एवढेच म्हणाला.

पैलवान हळू आवाजात बोलला. त्याचा आवाज पहिल्यापासून तसाच होता.

"माफी दिली, दादा. मनापासून दिली. पण माफी वेगळी आणि दार वेगळं. आत इतकी माणसं काम करतात, त्यांची पाठ तुमच्याकडे असेल. त्यांना सारखं मागे वळून बघायला लागेल. ते मला नको."

माझा डोळा दादाच्या मुठीवर होता. ती आवळली आणि सुटली. मग त्याने मान हलवली, रिकामा पेला उंबऱ्यावर ठेवला आणि तो निघून गेला. आता तो दूरच्या एका लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर बसतो. ताई अधूनमधून त्याला भेटायला जाते. त्याने पुन्हा कोणावर हात उचलल्याचे ऐकलेले नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, आपटू नका, पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात, आणि ते खरेही आहे. पण मला तुमच्याकडे एकच मागणे मागायचे आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. तुम्हालाही राग येईल. घरी येईल, वर्गात येईल, खेळताना येईल. तेव्हा तुमच्या हातात पट्टी असेल, डबा असेल, बॅट असेल, पेन्सिल असेल. त्या वस्तूला स्वतःला सोडवून घेता येत नाही. ती ओरडू शकत नाही. तुमची मूठ नेईल तिकडे तिला जावेच लागते. म्हणून राग आला की पहिल्यांदा हातातले खाली ठेवा. मग बोला.